ट्रॅक्टरखालचा माणूस

१

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात मी दर सोमवारी पहाटेची यस्टी धरून गडहिंग्लजच्या वाटेला लागायचो आणि शनिवारी दिवेलागणीला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरी परत यायचो. पेठेत माझा लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक जुनं लेथ मशिन आणि भिंतीला टांगलेले पाने. मळ्यांतली ऑइल इंजिनं माझ्याकडं दुरुस्तीला यायची. चाळिशी ओलांडली होती. वाकलं की कंबर धरायची. बायको विठाबाई म्हणायची, ‘आता हे बास करा.’ तरी त्या उन्हाळ्यात कारखाना मेव्हण्यावर टाकून मी जात होतो, ते कृष्णातसाठी.

कृष्णात आणि मी लढाईत चार वर्षं एकाच वर्कशॉप कंपनीत होतो. वाळवंटात ट्रक दुरुस्त करायचो. एकाच ताटात जेवलो, एकाच तंबूत झोपलो. मी परत आलो तेव्हा माझं घर होतं तसं होतं. तो परत आला तेव्हा त्याची बायको तारा वारून दीड वर्ष झालं होतं, आणि भावांनी वाटण्या करून घेतल्या होत्या. त्याच्या वाट्याला गावापासून दोन मैलांवरचा बारा एकरांचा तुकडा आला. सगळ्या रानात हरळी माजलेली. हरळीच्या मुळ्या गुडघ्याएवढ्या खोल जातात. बैलाचा नांगर तिथं दोन हात पुढं गेला की उसळून वर यायचा.

त्यानं विहिरीजवळ शेड बांधली आणि एकटाच राहू लागला. मग फेब्रुवारीत त्याचं पोस्टकार्ड आलं. ‘जोती, एक ट्रॅक्टर मिळालाय. मेलेला आहे. ये.’

ट्रॅक्टर एका जहागीरदाराच्या मळ्यात चिंचेखाली नऊ वर्षं पडून होता. लोखंडी चाकांचा, चाकांना तळहाताएवढे दात, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालणारा. कोंबड्यांनी सीटवर घरटं केलं होतं. कृष्णातनं चार बैलजोड्या लावून तो ओढत आणला होता आणि शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता.

मी इंजिनावर हात ठेवला आणि म्हणालो, “दोन महिनं लागतील.”

“लागू देत,” तो म्हणाला. “मला कुठं जायचंय?”

२

आमची कामाची पद्धत पलटणीतली होती. एकजण खाली, पोत्यावर उताणा, एकजण वर. खालच्यानं हात बाहेर काढायचा, वरच्यानं त्या हातात पाना द्यायचा. कुठला पाना हे सांगावं लागायचं नाही. काम कुठवर आलंय हे दोघांनाही ठाऊक असायचं. बोलणंही फारसं नसायचं. तासन्‌तास आम्ही एकमेकांचं तोंडसुद्धा बघत नसू.

दुपारी बायडाबाई भाकरी घेऊन यायची. ती कृष्णातची लांबची चुलती, शेजारच्या वस्तीवर राहायची. टोपली ठेवायची, विहिरीवर पाय धुवायची, आणि निघून जायची.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही इंजिनाचं वरचं डोकं उतरवलं. आठ वॉल्व्ह होते, आठही गंजलेले. शनिवारपर्यंत मी चार घासून बसवले. उरलेले चार रॉकेलच्या डब्यात भिजत टाकून घरी गेलो.

सोमवारी येऊन बघतो तर आठही बसवलेले. मी एकेक वॉल्व्ह काढून तपासला. बैठकीवर चांदीच्या कडीसारखी अखंड रेघ उमटली होती. इतकं स्वच्छ काम मीसुद्धा कधी केलं नव्हतं.

“चांगले घासलेस,” मी म्हणालो.

कृष्णात चुलीपाशी चहा गाळत होता. “काय?”

“वॉल्व्ह.”

“मी कुठं घासलं? तूच शनवारी करून गेलास की.”

“मी चार केलते.”

त्यानं खांदे उडवले. “मग आठ केलं आसशील. दमलं की माणसाला ध्यानात ऱ्हात न्हाय.”

ते मला पटलं. शनिवारी मी इतका थकलो होतो की यस्टीत बसल्या बसल्या झोपलो होतो आणि स्टँडवर कंडक्टरनं हलवून उठवलं होतं. माणूस झोपेत चालतो म्हणतात, मग झोपेत वॉल्व्ह का नाही घासणार? मी चहा घेतला आणि विषय सोडून दिला.

३

पुढं काही दिवस असंच बारीकसारीक होत राहिलं. अर्धवट सोडलेला नट घट्ट झालेला असायचा. हरवलेली वायसर पोत्यावर मधोमध ठेवलेली असायची. मी मनात म्हणायचो, कृष्णातनं केलं. तो म्हणत असणार, जोतीनं केलं. काम भराभर पुढं सरकत होतं, त्यामुळं विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

एका सोमवारी निपाणीच्या अलीकडं यस्टीचा टायर फुटला. एरवी मी नऊच्या सुमाराला पोचायचो, त्या दिवशी बारा वाजून गेले. फाट्यावर उतरून पायवाटेनं निघालो. ऊन डोक्यावर होतं. समोरून बायडाबाई रिकामी टोपली घेऊन येत होती. मला बघून ती थांबली.

“तू हिकडनं कुठनं आलास?”

“कोल्हापुरासनं. आत्ताच उतरलो.”

“आत्ता दोगास्नी भाकरी दिऊन आलो की मी.”

“दुसरा कोण आलाय?”

“दुसरा कोण? तूच. खाली हुतास नव्हं? पाय दिसत हुतं.” ती माझ्या पायांकडं बघत राहिली. मग पदर सावरून वस्तीच्या वाटेला लागली.

शेडजवळ आलो तर कृष्णातचा आवाज ऐकू आला. तो बोलत होता. चार वर्षं एका तंबूत काढून त्यानं माझ्याजवळ जे कधी काढलं नव्हतं, ते बोलत होता. ताराचं पत्र आलं तेव्हा ती जाऊन तीन महिने झाले होते. पत्रात तिनं बाजरी कशी आलीय ते लिहवून घेतलं होतं. तो ट्रॅक्टरच्या सीटशेजारी वाकून ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बसवत होता आणि खाली जमिनीकडं बघून हे सांगत होता. मधूनच थांबायचा. कुणीतरी ‘हं’ म्हणावं इतका वेळ.

मी दारात उभा राहिलो. त्यानं मान वर केली.

“कवा भाईर आलास?” त्यानं विचारलं.

“मी आत्ता येतोय. यस्टी बंद पडली होती.”

तो हसला. मग माझ्या खांद्यावरची पिशवी, धुळीनं भरलेलं धोतर त्यानं बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू विझलं. मी खिशातलं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, वाचलं, परत दिलं.

चुलीपाशी दोन ताटल्या होत्या. दोन्ही पुसून खाल्लेल्या.

मी खाली वाकून बघितलं. ट्रॅक्टरखाली कुणी नव्हतं. पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर माणूस बराच वेळ उताणा पडल्यावर पडतो तसा खळगा होता. डोक्याचा, पाठीचा, टाचांचा.

“दमलोय मी,” कृष्णात म्हणाला. “सकाळपासनं उनात डोकं दुखतंय.”

“भाकरी कुणी खाल्ली?”

“मीच खाल्ली आसंल,” तो म्हणाला आणि पुन्हा मॅग्नेटोकडं वळला.

४

मी हे मिस्त्रीच्या डोक्यानं सोडवायचा प्रयत्न केला. इंजिन सुरू होत नसेल तर कारण तीनच असतात: ठिणगी नाही, तेल नाही, किंवा दाब नाही. चौथं कारण नसतं. एकटा राहणारा माणूस स्वतःशी बोलतो. भुकेला माणूस दोन भाकऱ्या खातो. म्हाताऱ्या बाईला उन्हात पाय दिसतात. तीन गोष्टी, तीन कारणं. हिशेब जुळत होता. फक्त तिन्ही एकाच दिवशी कशा झाल्या, तेवढं सुटत नव्हतं.

वैशाख लागला. आम्ही खालच्या बेअरिंगांवर आलो. हे काम किचकट. दांड्याला निळा रंग लावायचा, त्यावर बेअरिंग बसवायचं, फिरवायचं, काढायचं, रंग जिथं लागला तिथं घासायचं, पुन्हा बसवायचं. दिवसाला एक झालं तर नशीब.

एका गुरुवारी मला जाग आली तेव्हा कृष्णातचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. मी तोंड धुतलं, शिळा चहा गरम केला आणि शेडमध्ये गेलो. तो आधीच खाली गेला होता. दोन पावलं दिसत होती, अनवाणी, टाचांना भेगा पडलेली, अंगठे बाहेरच्या बाजूला कललेले. हात बाहेर आला. मी त्यात पाना दिला.

सकाळभर आम्ही काम केलं. काम फार चांगलं चाललं होतं. बेअरिंग बाहेर यायचं, मी घासायचो, परत द्यायचो, आणि खालून दांडा फिरल्याचा मऊ आवाज यायचा. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त बोललो. सांगितलं की आता होत नाही. कारखाना मेव्हण्याच्या नावावर करावा असं वाटतं. सकाळी उठताना वाटतं, अजून एक दिवस कशाला.

“हं,” तो खालून म्हणाला.

फार बरं वाटलं मला. लढाईनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मी सहज बाहेर बघितलं. बांधापाशी गाडी थांबली होती आणि कृष्णात खांद्यावर पेट्रोलचा डबा घेऊन खाली उतरत होता.

“पहाटंच गेलतो गडहिंग्लजला,” तो लांबूनच म्हणाला. “तू झोपलातास. उठवलं न्हाय.”

मी खाली बघितलं. हात बाहेरच होता. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली, पान्याची वाट बघत. आमच्या दोघांचे हात होते तसाच, कोपरापर्यंत ऑइलनं काळा.

मी पुन्हा कृष्णातकडं बघितलं. तो वीस पावलांवर आला होता. परत खाली बघितलं तेव्हा हात नव्हता. मघाशी मी दिलेला पाना पोत्यावर होता. तो उचलला तर कोमट लागला. त्या जागी ऊन येत नव्हतं.

वाळवंटात एकदा जॅक सरकून कृष्णातची डावी करंगळी निम्मी गेली होती. दुपारभर मी आठवत बसलो. तीन तास मी त्या डाव्या हातात पाने देत होतो, आणि करंगळी पुरी होती की निम्मी, हे मला सांगता येत नव्हतं. मी एकदाही बघितलं नव्हतं.

५

जेवण झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही विहिरीच्या काठावर सावलीत बसलो होतो. तो विडी विझली तरी ओढत राहिला.

“भ्यालास?” शेवटी त्यानं विचारलं.

“तू न्हाय भ्यालास?”

“पैल्यांदा भ्यालो.” तो पाण्याकडं बघत होता. “मग वाटलं, काय वाईट करतंय? काम करतंय. आपलं बोलणं ऐकून घेतंय.”

“कृष्णात, हे काय बोलायलाईस तू? कोण हाय ते तरी ठावं हाय का?”

“न्हाय. इचारलं न्हाय मी.”

“ट्रॅक्टर हितंच सोडू. माझ्यासंगं कोल्हापूरला चल. कारखान्यात काम हाय. माडीवरची खोली मोकळी हाय.”

“आणि हे रान?”

“भावांना दे.”

तो रागावला नव्हता. दमला होता, माझ्यासारखाच.

“जोती, तू शनवारी जातोस,” तो म्हणाला. “तुझ्या घरात दिवा लागल्याला असतो. तू गेल्यावर हितं मी काय करतो, कधी इचारलास?”

मी खरंच कधी विचारलं नव्हतं.

शेवटी मी एक नियम घातला. काम सुरू करायच्या आधी एकमेकाला नावानं हाक मारायची आणि तोंड बघायचं. खाली जाताना बघायचं, वर येताना बघायचं. मधे शंका आली तर ‘तोंड दाखव’ म्हणायचं. कृष्णातनं मान हलवली. माझ्या समाधानासाठी हलवली, हे मला कळत होतं.

६

आठ दिवस काही झालं नाही. कामाचा वेग निम्म्यावर आला. जे नट आधी आपोआप घट्ट व्हायचे ते आता आम्हालाच करावे लागत होते, आणि आमचे हात दुखत होते. कृष्णात चिडचिडा झाला. एकदा म्हणाला, “तोंड बघून बघून कंटाळा आला,” आणि लगेच म्हणाला, “तसं न्हवं म्हणायचं मला.”

नवव्या दिवशी मी खाली होतो. खालचं तेलाचं चेंबर बसवायचं शेवटचं काम होतं. चौदा बोल्ट. कृष्णातचं तोंड बघून, नावानं हाक मारून मी खाली सरकलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. पत्रा तापून मधूनच कडकन वाजत होता. खालून मला फक्त त्याचे पाय दिसत होते, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पुढच्या चाकाशेजारी उभे.

दहा बोल्ट बसले. मी हात बाहेर काढला. लहान पाना हातात आला. अकरावा, बारावा. तेराव्याला आट्या लागेनात. मी म्हणालो, “कृष्णात, रॉकेलची चिंधी दे.”

चिंधी आली.

का कुणास ठाऊक, मी थांबलो. पाय स्थिर होते. माणूस उभा असला तरी त्याचे पाय थोडे हलतात. वजन या पायावरून त्या पायावर जातं. माशी बसली तर कातडी थरथरते. एका पोटरीवर माशी बसलेली मला दिसत होती. ती चालत गुडघ्यापर्यंत गेली. पाय हलला नाही.

“कृष्णात?” मी म्हणालो.

“हं.”

“तोंड दाखव.”

पाय तसेच राहिले. पत्रा वाजला. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. म्हणवेना.

मग गुडघे वाकू लागले. फार सावकाश, वाकताना माणूस एका हातानं चाक धरतो तसं काही न धरता. धोतराचा काठ खाली आला. मग मांडी. एक काळा हात जमिनीवर टेकला, बोटं पसरून. आता खांदा येणार होता आणि त्यानंतर तोंड.

त्याच वेळी लांबून, विहिरीकडून, बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि कृष्णातनं तिकडून विचारलं, “जोती, पाणी आणू का रं तुला?”

मी डोळे मिटले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डोळे उघडे ठेवले असते तर मला कळलं असतं. मिटण्याआधी मला हनुवटी दिसली, आणि हनुवटीच्या खाली, डाव्या बाजूला, वस्तरा लागल्याची खूण. ताजी होती. तशी खूण मला त्याच सकाळी लागली होती.

चेहऱ्यावर थंडावा आला, माणूस श्वास आत ओढतो तेव्हा येतो तसा. मग कृष्णातची पावलं आली, धपधप, माणसाच्या पावलांसारखी, आणि त्यानं पाण्याचा तांब्या चाकाशेजारी ठेवला.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“कंबर धरली,” मी म्हणालो.

७

उरलेले दोन बोल्ट त्यानं बसवले. मी परत खाली गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंजिनात पेट्रोल घातलं. मी पुढून हँडल मारलं. सातव्या फेरीला ते खोकलं, अकराव्या फेरीला लागलं. नऊ वर्षांचा गंज, घरट्याच्या काड्या, काळा धूर, सगळं नळीतून बाहेर आलं आणि मग चारी सिलिंडर एका लयीत बोलू लागले. शेडचा पत्रा थरथरायला लागला. मी तीस वर्षं इंजिनं ऐकत आलोय. इतकं नितळ चाललेलं जुनं इंजिन ऐकलेलं नाही.

कृष्णात सीटवर बसला होता. रडत होता. त्यानं रॉकेलचा कॉक उघडला, ठोकळे काढल्यावर गिअर टाकला, आणि ट्रॅक्टर दातांनी जमीन उचकटत शेडबाहेर उन्हात गेला.

मी पिशवी भरली. तो वळून परत आला तेव्हा मी म्हणालो, “विठाबाई आजारी हाय. सांगावा आलाय. जायला पायजे.”

सांगावा कुठून येणार? सकाळपासून शेडकडं कुणी फिरकलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“नांगरायला दोघं लागत्यात,” एवढंच म्हणाला. “एक वर, एक मागं दोरीवर.”

“गावातला कुणी घे.”

“बगतो,” तो म्हणाला.

मी त्याला पुन्हा कोल्हापूरला चल म्हणायला हवं होतं. हाताला धरून खाली ओढायला हवं होतं. वाळवंटात एकदा मला जुलाब लागले होते तेव्हा त्यानं पाच मैल मला पाठीवरून नेलं होतं. पण माझ्यात त्राण नव्हतं. मला फक्त पेठेतल्या माझ्या घोंगडीवर जाऊन पडायचं होतं.

पायवाटेनं अर्ध्यावर आलो तेव्हा मागं इंजिन बारीक झालं. कृष्णात कुणाशी तरी बोलत होता. शब्द कळत नव्हते. मधे थांबत होता आणि पुन्हा बोलत होता. मी मागं वळून बघितलं नाही.

८

पंधरा दिवसांनी पोस्टमननं पत्र आणून दिलं. विठाबाईच्या नावाचं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं ते माझ्याच हातात दिलं आणि समोर तांदूळ निवडत बसली. अक्षर कृष्णातचं होतं, पलटणीत शिकलेलं, ठसठशीत.

‘सौ. विठावहिनींस कृष्णातचा रामराम. जोतीरामची काळजी करू नये. तो जातो म्हणाला होता, पण काम बघून राहिला. त्याची तब्येत चांगली आहे. आता पहिल्यासारखा दमत नाही. बोलतो कमी, पण माझं सगळं ऐकून घेतो. पाऊस लागेपर्यंत त्याला इथंच ठेवून घेतो. तुमची हरकत नसावी.’

“काय लिहिलंय?” विठाबाईनं विचारलं.

“नांगरट सुरू झाली म्हणतोय.”

“मला का लिहिलं मग?”

“तुझ्या तब्येतीची चौकशी केलीय.”

ती हसली. “मला काय धाड भरलीय?”

तीन दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी पहाटेची यस्टी धरली. काय करायचं हे ठरवलं नव्हतं. एवढंच वाटत होतं की त्यानं मला बघावं. मी त्याच्या समोर उभं राहून म्हणावं, हा मी आहे, मी गेलो होतो, आता आलोय.

फाट्यावर उतरलो तेव्हाच इंजिनाचा आवाज ऐकू आला. बांधावर चढलो. बारा एकरांपैकी आठ एकर नांगरून काळीभोर ढेकळं वर आली होती. हरळीच्या मुळ्या उन्हात पांढऱ्या पडून वाळत होत्या. ट्रॅक्टर पलीकडच्या टोकाला वळून माझ्या दिशेनं येत होता. सीटवर कृष्णात होता. तो भरला होता, अंगावर चकाकी होती, आणि मान मागं वळवून हसत काहीतरी सांगत होता.

नांगरामागं दोरी धरून एकजण चालत होता. ट्रॅक्टर मधे असल्यामुळं मला त्याचं अर्धंच अंग दिसत होतं. खाकी सदरा, आणि डावा खांदा किंचित खाली. माझा डावा खांदा खाली असतो. विठाबाई सदरा शिवायला टाकताना दर वेळी शिंप्याला ते सांगते.

“कृष्णात,” मी हाक मारली.

ऐकू गेलं नसावं. मी धोतर वर खोचून ढेकळांतून थोडा पुढं गेलो आणि पुन्हा हाक मारली. ट्रॅक्टर साठ-सत्तर पावलांवर थांबला. त्यानं इंजिन बारीक केलं आणि कपाळावर हात आडवा धरून माझ्याकडं बघितलं. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं, हे मला मान्य आहे. मागचा माणूस फाळात अडकलेली हरळी काढायला खाली वाकला होता.

कृष्णातनं बराच वेळ बघितलं. मग चांगल्या, मोकळ्या आवाजात विचारलं, “कोण पायजे, पावणं?”

मी तोंड उघडलं. माझं नाव सांगायला दोन शब्द लागले असते. पण मागचा माणूस आता सरळ होत होता. हातातली हरळी त्यानं टाकली होती आणि तो मान माझ्याकडं वळवायला लागला होता, फार सावकाश.

“कुणी न्हाय,” मी म्हणालो. “वाट चुकलो.”

“यस्टीचा रस्ता तिकडं,” कृष्णातनं हातानं दाखवलं. “लांबनं आलायसा. पाणी तरी पिऊन जावा.”

“नको.”

मी वळलो आणि ढेकळं तुडवत बांधाकडं निघालो. मागं इंजिनाचा आवाज वाढला, नांगर जमिनीत शिरला आणि काम पुढं चालू झालं.

फाट्यावर तास-दीड तास बसलो तेव्हा यस्टी आली. चढून खिडकीशी बसलो. कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, कुठं जायचं. त्याला उत्तर द्यायला मला फार वेळ लागला.